शिडाच्या कापडाची खोळ

बायको गेल्यापासून मी शारजात मुलाकडे राहतो. गावी एकटा राहतो म्हटलं तर ऐकलं नाही त्याने. मुलाचे केस पांढरे झालेत, तरी ह्या वर्षी त्याने मोटारसायकल घेतली. थंडी पडली की दर शुक्रवारी सकाळी त्याची टोळी समुद्राकाठच्या रस्त्याने निघते, लांब कुठेतरी जाऊन चहा पिते आणि परत येते. चहा घरात मिळतो, पण ते असो. माझा राग वेगळ्या गोष्टीचा. परत आला की खाऱ्या वाऱ्यातून आलेली ती गरम गाडी न पुसताच तिच्यावर प्लास्टिकची खोळ चढवतो आणि जेवायला वर येतो.

मी म्हटलं, "खोळ काढ."

"अब्बा, इट्स वॉटरप्रूफ."

"तेच सांगतोय. पाणी आत जात नाही तसं बाहेरही पडत नाही."

"रिलॅक्स, अब्बा."

मग मीच खाली गेलो आणि खोळ ओढून काढली. वॉचमनने मला चोर समजून हटकलं. मुलाला खाली यावं लागलं. तो हसत होता, मी हसत नव्हतो. बायकोच्या मयतीला वर्ष झालं नाही अजून आणि ह्याच्या गाडीवर खोळ बघून माझं डोकं फिरतं. का फिरतं ते त्याला तोंडाने सांगत बसलो की तो मोबाईल बघतो. म्हणून लिहितोय. माझी शाळा चौथीपर्यंत. चुकलंमाकलं वाचणाऱ्याने सुधारून घ्यावं.

ही साठ सालानंतरच्या वर्षांतली गोष्ट. यूएई हे नाव तेव्हा नव्हतं. दुबईत खाडी होती, बाजार होता, आणि त्या बाजारात आमच्या अरबाबचं, म्हणजे मालकाचं, दुकान होतं. होड्यांना शिडं जाऊन इंजिनं लागायला लागली होती. अरबाब इंजिनं विकायचा आणि त्यांचे स्पेअर पार्ट ठेवायचा. मी रत्नागिरीकडचा, होडीवाल्यांच्या वस्तीतला. इंजिन खोलायला मुंबईत शिकलो होतो. सुरुवातीला दुकानामागच्या एका खोलीत आम्ही सगळे एकटे पुरुष दाटीवाटीने झोपायचो. लग्न होऊन बायको गावी होती. लग्नानंतर मी घरी राहिलो किती, तर पाहुणा राहतो तितका.

मग अरबाबने उम्म अल कुवैनला एक छोटं गोडाऊन उघडलं. तिकडच्या कोळ्यांचं इंजिन बंद पडलं की त्यांना दुबईपर्यंत यावं लागायचं, ते नको म्हणून. पण तिकडे राहायला कुणी तयार होईना. विजेचा दिवा नाही, बाजार म्हणजे चार दुकानं, संध्याकाळी बोलायला माणूस नाही. जो जायचा तो महिनाभरात पळून यायचा. अरबाबने डोकं चालवलं. मला म्हणाला, "तू जा. औरत को बुलाओ. औरत होगी तो भागेगा नहीं."

गोडाऊनला लागून एक खोली होती, समुद्रातल्या दगडाची. ती आम्हाला दिली. आणि एक मोटारसायकल दिली, कुणी गोरा जाताना सोडून गेला होता, ती. दुबईहून पार्ट आणायचे, कोळ्यांना द्यायचे, मोडलेले दुबईला न्यायचे, हे माझं काम. अरबाबने बोटांवर मोजत हिशोब सांगितला, "गाडी चलेगा तो गोडाऊन चलेगा. गाडी खलास, गोडाऊन खलास. गोडाऊन खलास तो कमरा खलास, औरत को आगबोट पे बिठाओ." अरबाब वाईट माणूस नव्हता. सरळ बोलायचा इतकंच. त्या काळात माझ्यासारख्या माणसाला बायको जवळ ठेवायला मिळणं ही चैन होती आणि ती चैन दोन चाकांवर उभी होती.

बायको आगबोटीने आली. गाडी बघितली आणि पहिलं वाक्य बोलली, "ह्या सांगाड्यासाठी मला बोलावलंत?"

गाडी तेव्हाच अर्धी म्हातारी होती. पण चालायची. उन्हाळ्यात चांगलीच चालायची, कारण जमीन सुकून कडक. उम्म अल कुवैन ते दुबई रस्ता असा नव्हताच. ओहोटी असेल तेव्हा ओल्या वाळूवरून जायचं, आणि मधे आत वळून सब्खावरून. सब्खा म्हणजे आपल्या मिठागरासारखी सपाट जमीन, फक्त इथे मीठ कुणी पिकवत नाही, ते आपोआप वर येतं. उन्हाळ्यात तिच्यावर भाजलेल्या भाकरीसारखा पापुद्रा असतो. थंडी आली, पावसाची एखादी सर पडली, उधाणाचं पाणी आत घुसलं, की तो पापुद्रा फुटतो आणि खालून करडा चिखल निघतो. तो चाकाने उडतो, मडगार्डच्या आत बसतो आणि वाळला की सिमेंट होतो. त्यात निम्मं मीठ.

शिवाय दव. लोकांना वाटतं वाळवंट म्हणजे कोरडं. त्यांनी जानेवारीत तिथे एक सकाळ काढावी. सीटवर पाणी साचलेलं असायचं आणि ते बोटाने चाखलं तर खारट.

पहिल्याच थंडीत आरे लाल पडायला लागले. आरे म्हणजे चाकाच्या तारा. मी वैतागलो. बायको म्हणाली, "रोज धुवा."

"कशाने धुवू? विहिरीचं पाणी मचूळ. त्याने धुतलं तर मीठ काढून मीठ लावल्यासारखं."

गोडं पाणी गाढवावरून डब्यातून यायचं, ते प्यायला आणि भाताला. गाडीला अंघोळ घालतोय असं शेजारपाजारच्या बायकांनी बघितलं असतं तर आम्हाला गावाबाहेर काढलं असतं. बायकोने तोड काढली. तांदूळ ती गोड्या पाण्याने धुवायची, ते धुवण ती फेकायची नाही. संध्याकाळी मी आलो की तिच्या उलथन्याने मडगार्डचा चिखल खरवडायचा आणि धुवणाने चाकं धुवायची. उलथनं वाकलं. त्यावरून भांडण. दुसरं उलथनं आणलं तर ती म्हणाली, हे गाडीचं, ते माझं. आठवड्यात दोन्ही वाकली.

धुवण वाळलं की गाडीवर पांढरी पेज बसायची. मग बकऱ्या यायला लागल्या. खाली मीठ, वर तांदूळ. बकरीला आणखी काय पाहिजे. मी अंगणात गाडी उभी करून आत चहा प्यायला गेलो की सगळ्या बकऱ्या गाडीभोवती उभ्या राहून चाटायच्या. एकीने ब्रेकच्या वायरचं वरचं कव्हर चावून नेलं. आठवड्यातून एकदा ट्रक घेऊन येणारा एक पठाण ड्रायव्हर होता, त्याने हे बघितलं आणि त्या दिवसापासून मला कुठेही दिसला की ओरडायचा, "ओ कोकणी, आज दूध कितना दिया तुम्हारा गाडी?"

मग बायकोने मुशीचं तेल आणलं. मुशी माशाच्या काळजाचं तेल, होड्यांना लावतात ते, इथले कोळीही लावतात. मी गाडीला चोपडलं. बकऱ्या गेल्या. मांजरं आली. आणि त्या तेलाला वाळू चिकटायची, चेन कर्रकर्र वाजायची, रोज रॉकेलने चेन धुवायची. दुबईत अरबाबच्या दुकानापुढे गाडी लावली तर त्याने नाकाला फडकं लावलं आणि म्हणाला, "हबीबी, मैंने तुमको इंजिन का काम दिया, मछली का नहीं." गाडी लांब लावायला सांगितली. मी परत येऊन बायकोला सांगितलं. तिला हसू आवरेना. तिच्या हसण्याचा मला राग यायचा. आता ते ऐकायला मी गाडीला आणखी काहीही चोपडलं असतं, पण तेव्हा राग यायचा.

ती होडीवाल्याची मुलगी. माझ्यापेक्षा जास्त समुद्र तिच्या घरात होता. तिच्या बापाची होडी पावसाआधी ओढून वर घ्यायचे आणि माडाच्या झापांनी अशी शाकारायचे की आत बोट जायची नाही. पावसाळा संपला की उघडली, होडी जशीच्या तशी. एके दिवशी चिखल खरवडताना मी शिव्या देत होतो, तेव्हा ती म्हणाली, "होडीसारखी झाका ना. दव वरच्या वर जाईल."

"झाप कुठून आणू?"

"झाप कशाला? शीड आहे."

शिडं खाडीच्या काठावर पडलेली होती. आमच्याच इंजिनांमुळे. ज्याच्या होडीला इंजिन लागलं त्याने शीड काढून टाकलं. एका म्हाताऱ्या कोळ्याने एक मोठं शीड असंच दिलं, वर आम्हाला दुवाही दिली. जाड, दणकट कापड. बायकोने बापाच्या घरी शिडं शिवलेली होती, मोठ्या सुईने, तळहातावर चामड्याचा तुकडा बांधून. तिने मोटारसायकलचं माप घेतलं. हँडलला वेगळी जागा, सीटला वेगळी, खाली नाडी. अशी खोळ शिवली की अंगावर शिवलेला सदरा. मी नाडी बांधली, मागे सरून बघितलं आणि पहिल्यांदा वाटलं, झालं काम. पठाणाने बघितलं, म्हणाला, "वा, कोकणी ने गाडी को बुरखा पहनाया." बायको आतून म्हणाली, "त्याला सांगा, त्याच्या ट्रकला पण शिवून देते. मग कमी ओरडेल."

थंडीभर आम्ही ती खोळ वापरली. रोज संध्याकाळी गाडी पुसायची, खोळ घालायची, नाडी ओढायची. सकाळी खोळ काढली की गाडी ओलसर लागायची. मला वाटायचं, दव थोडं झिरपलं असेल. फडक्याने पुसायचो. वरून चकचकीत दिसायची. बायको म्हणायची, "बघा, माझ्या अब्बाची युक्ती." मी मान हलवायचो. होडी तशीच राहते हे मीही लहानपणापासून बघितलेलं. त्यात शंका घ्यावी असं मनातही आलं नाही.

मग पाऊस लागला. तिथे पाऊस येतो तो एकदा धाडकन येऊन जातो, पण त्या वर्षी थांबेनाच. सब्खाचा तलाव झाला. पठाणाचा ट्रकही आला नाही. मी गाडी खोळीत घातली, नाडी ओढली आणि पाऊस संपेपर्यंत खोळ काढायची नाही ठरवलं. खोलीचं छत गळत होतं. टोप, परात, डबा जिथे जिथे थेंब पडेल तिथे ठेवलं. तिने सुक्या सोड्यांचा भात केला. गळक्या छताखाली कोरडी जागा चटईएवढीच उरली होती, त्यावर बसून आम्ही जेवलो, झोपलो, भांडलो. ती मला माझ्या आईच्या तक्रारी सांगायची, मी तिला दुबईतल्या एकट्या पुरुषांच्या घोरण्याचे प्रकार करून दाखवायचो. असले दिवस आम्हाला पुन्हा मिळाले नाहीत. म्हातारपणी मी गावी परत गेलो, तोवर दोघांच्याही सवयी पक्क्या झालेल्या होत्या. तिला पंखा नको, मला पंखा पाहिजे, ह्यावर दिवस जायचे.

पाऊस थांबला तेव्हा कोळी दारात उभे. एकाचं इंजिन बंद, पार्ट दुबईत. मी खोळ उघडली.

आतून उबट वास आला. बंद पेटीचा यावा तसा. ब्रेकची वायर जागीच जाम. चेन वाकवली तशीच वाकून राहिली. आऱ्यांवर शेवाळासारखी तांबडी लव. मी रॉकेल ओतलं, तारेच्या ब्रशने घासलं, वायर ओढून ओढून मोकळी केली. निम्मा दिवस त्यात गेला. बायको उभी राहून बघत होती. म्हणाली, "आज नका जाऊ."

"आज नाही गेलो तर अरबाब म्हणेल गाडी खलास."

निघालो. वाटेतल्या अजमानपर्यंत गेलो. पुढे सब्खा अजून ओली होती, पण माझ्याआधी कुणाच्या तरी चाकांच्या खुणा होत्या, त्यावरून सावकाश चाललो. मधेच पुढच्या चाकातून टिचकी मारल्यासारखा आवाज आला. मग दुसरा. आरे रिममध्ये जिथे घुसतात ना, तिथे आतल्या आत खाल्ले गेले होते. वरून मी रोज पुसायचो, आतून गंज रोज खायचा. एक तार तुटली की शेजारच्या तारेवर भार, ती तुटली की पुढची. चाक परातीसारखं वाकलं आणि मी चिखलात. लागलं नाही. लागलं असतं तर निदान कुणीतरी दया केली असती.

गाडी उचलायला गेलो तर सीटखालचं लोखंड हातात आलं. पापडासारखं. बोटाने दाबलं तर चुरा.

पठाणाचा ट्रक पावसानंतर त्याच दिवशी पहिल्यांदा निघाला होता. त्याने मला बघितलं, गाडीला बघितलं, दुधाचं विचारलं नाही. आम्ही दोघांनी गाडी ट्रकात टाकली. दुबईला अरबाबपुढे उतरवली. त्याने खाली वाकून रिमला नखाने खरवडलं. पोपडा निघाला. तो उठला आणि हात झटकून म्हणाला, "खलास."

"मालिक, दुसरी गाडी?"

"इन्शाल्ला."

आखातात इतकी वर्षं काढली. इन्शाल्लाचे प्रकार मला कळतात. एक होकाराचा असतो, एक बघू म्हणायचा असतो. हा तिसरा होता.

ट्रकनेच उम्म अल कुवैनला परत आलो. बायको दारातच होती. मी नुसता आलेला बघून तिला कळलं. खोळ भिंतीवर वाळत घातली होती. ती उन्हात होती दिवसभर, पण हात लावला तर अजून दमट. मी म्हटलं, "हे वाळत का नाही?"

तिने कापडाचा कोपरा तोंडात घातला, चावला आणि थुंकला.

"खारट?" मी विचारलं.

"मिठाचं गाठोडं आहे नुसतं."

किती वर्षं समुद्रात भिजून भिजून त्या शिडाने मीठ प्यायलं असेल. आणि मीठ दव ओढतं, हे लहान पोरालाही माहीत. आम्ही दोघं समुद्राकाठी जन्मलो, मिठागराशेजारी वाढलो, आणि रोज आपल्या हाताने गाडीला ओल्या मिठात बांधून ठेवत होतो.

"अब्बाची होडी कधी सडली नाही," ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता.

"होडी लाकडाची होती गो."

झापांनी शाकारलेली होडी आतून दमट राहते. लाकडाला तेच हवं असतं. सुकलं तर ते तडकतं. लोखंडाला वारा हवा असतो. उघडी ठेवली असती, रॉकेलने पुसून गोडाऊनच्या आत भिंतीला टेकवली असती, तरी आणखी दोन थंड्या निघाल्या असत्या. पण आम्हाला लाकूड कळत होतं. जे कळतं तेच माणूस सगळीकडे लावतो.

त्या दिवशी आम्ही खूप भांडलो. ती म्हणाली, इंजिनाचे कारागीर तुम्ही, मी नाही. मी म्हटलं, खोळ कुणाची. पुढे आयुष्यभर हे भांडण चालू होतं. गावी एखादी छत्रीची काडी गंजली तरी ती म्हणायची, "माझी खोळ लागली असेल."

गोडाऊन बंद झालं. तिला मी दुबईला आणलं आणि मुंबईच्या आगबोटीत बसवलं. खाडीतून लहान होडीने आगबोटीपर्यंत जावं लागायचं. होडीला इंजिन होतं, आम्हीच विकलेलं, आणि ते अर्ध्यात बंद पडलं. मी बाही वर करून ते चालू करत बसलो. बाकीचे पॅसेंजर आरडाओरडा करत होते. ती शेजारी बसून म्हणाली, "राहू द्या ना बंद." मी म्हटलं, "लोकांची बोट सुटेल." आणि चालू केलं.

तेव्हा तिला दिवस गेले होते. आमची थोरली. हे तिने मला सांगितलं नाही, गावी पोचल्यावर निरोप आला.

दोन महिन्यांनी अरबाबने पिकअप घेतली. गोडाऊन पुन्हा उघडलं आणि मलाच पाठवलं. खोली तीच. मी लगेच म्हटलं, औरत को बुलाऊं. अरबाब म्हणाला, बुलाओ. ह्या वेळी इन्शाल्ला म्हणाला नाही. पण तिकडून माझ्या सासूने कळवलं, पोटुशी बाईला आगबोटीत बसवणार नाही. मूल झाल्यावर आईने कळवलं, तान्हं मूल वाळवंटात नेऊ देणार नाही. मग मूल शाळेत गेलं. मग माझी आई आजारी पडली. मग दुसरं मूल. मी दर वेळी विचारायचो, दर वेळी कारण खरंच असायचं.

दरम्यान रस्ताही झाला. सब्खावरून जायची गरज उरली नाही. ती पिकअप मी एकदाही गोड्या पाण्याने धुतली नाही, तेल लावलं नाही, झाकली नाही. दव पडू दे, गंजू दे, माझं काय जातंय, म्हणून उघड्यावर सोडायचो. वर्षानुवर्षं चालली मेली. काही झालं नाही तिला.